कमानीवरून गेलेली वायर

आमच्या गावात प्रकाश आला तो माझ्या हातून. हे वाक्य मी पूर्ण गांभीर्यानं लिहिते आहे आणि ते अक्षरशः खरं आहे. फक्त तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, केसाएवढ्या काचेच्या तंतूतून जातो, त्याच्याकडं थेट बघितलं तर डोळ्याला इजा व्हायची भीती, आणि ज्या दुपारी तो आला त्या दुपारी गावातली लाइट गेलेली होती. पुढच्या खोलीत, लोखंडी कपाटात बसवलेल्या एका चपट्या डब्यावर हिरवा दिवा लागला, एवढंच झालं. अम्मानं स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." ती म्हणाली, "मग जेवून घे. मसूर गार व्हायला लागलाय."

असल्या आठवणी लिहायला माझं वय झालेलं नाही, असं आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणतात. त्यांच्या मते माणसानं आधी काहीतरी व्हावं आणि मग लिहावं. आमच्या घराचा अनुभव असा की फार थांबून चालत नाही. शिवाय मला चाळिशी लागली आहे. चष्म्याशिवाय फायबरचं टोक दिसत नाही, तेव्हा आठवणीही हळूहळू धूसर होणारच. गावाचं नाव मी लिहीत नाही. कोडोलीच्या पुढं, वारणेच्या अंगाला आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर गावकरी वाचतील आणि चुका काढतील.

मी भोंग्याखाली वाढले. अब्बांची साऊंड सर्व्हिस होती, त्यामुळं आमच्या घरात माणसांपेक्षा कर्णे जास्त. ते भांड्यांसारखे एकात एक घालून माळ्याच्या शिडीखाली रचलेले असायचे, आणि त्यातल्या एका पोचा आलेल्या कर्ण्यात आमची तांबडी कोंबडी अंडी घालायची. ॲम्प्लिफायर चालू ठेवला की तापायचा, म्हणून थंडीच्या दिवसांत अम्मा त्याच्यावर विरजणाचं भांडं ठेवायची. आसपास कुणाचं लग्न असलं की आमच्याकडं दही लागायचं नाही, कारण ॲम्प्लिफायर लग्नाला गेलेला असायचा. सकाळी डोळे उघडायचे ते अब्बांच्या आवाजानं. माईक दुरुस्त केला की ते त्यात "हॅलो, हॅलो" म्हणायचे, आणि समोरच्या गोठ्यातली म्हैस उत्तर द्यायची. घरात आम्ही आमची अर्धी दखनी बोलत असू. ती इथं लिहून कुणाला कळायची नाही, म्हणून सगळ्यांना मराठीतच बोलायला लावते आहे.

जयंती, उरूस, बारसं, सभा, सगळीकडं अब्बांचे कर्णे असत. त्यामुळं जिल्ह्यातले झाडून सगळे पुढारी त्यांनी मागच्या बाजूनं पाहिले होते. माणूस जेवढा मोठा तेवढा तो माईकपासून लांब उभा राहतो, लहान माणसं माईक गिळतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. भाषणांवर ते कधी बोलत नसत. पण कार्यक्रम बरा दिसला पाहिजे, याबद्दल ते फार हळवे होते. स्टेजवर वायर लोंबकळलेली दिसली, माईकचा दांडा पाहुण्यांच्या नाकासमोर आला, तर त्यांना रात्री जेवण गोड लागायचं नाही. "पावण्याचं वाईट दिसता कामा नये," हे त्यांचं एकच तत्त्वज्ञान. कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानायला जो कुणी उभा राहायचा तो मंडपवाल्याचं नाव घ्यायचा, आचाऱ्याचं घ्यायचा, आणि मग म्हणायचा, "अनवधानानं कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व." हे वाक्य तो ज्या माईकवर बोलायचा तो माईक अब्बांचा. ते जन्मभर त्या अनवधानात राहिले.

पुढं डीजे आले. भिंतीएवढ्या पेट्यांपुढं आमचे कर्णे खेळण्यातले वाटू लागले. अब्बांनी मग टीव्हीच्या केबलचा धंदा केला, तोही डिशनं खाल्ला. तोवर मी वारणानगरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि शिरोली एमआयडीसीत नेटवर्कचं सामान विकणाऱ्या एका दुकानात फायबर जोडायला शिकले होते. फायबरची दोन टोकं सोलायची, स्पिरिटनं पुसायची, सरळ कापायची आणि एका छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवायची. यंत्र बारीक गुणगुणतं, टोकं एकमेकांच्या जवळ आणतं, ठिणगी पाडतं आणि काचेला काच चिकटते. अब्बांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते वाकून यंत्राच्या अगदी जवळ आले. मग म्हणाले, "ह्यातनं करंट जात न्हाय म्हणतीस?"

"न्हाय. काच हाय ती. नुसता उजेड जातोय."

"मंजे शॉक बसायची भानगडच न्हाय." आयुष्यभर शॉक खाल्लेला माणूस तो. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी क्वचितच पाहिला असेल. त्यांनी कर्णे माळ्यावर टाकले आणि आम्ही बापलेकींनी फायबरचं काम धरलं. खांबावर ते चढायचे, जोडणी मी करायची.

आमच्या भागातल्या एका मोठ्या संस्थेनं दवाखाना, शाळा आणि ऑफिस एकाच लाइनवर जोडायचं ठरवलं, आणि ते काम आम्हाला मिळालं. मिळालं म्हणजे अब्बांनी कार्यक्रमप्रमुख संपतअण्णांच्या इतक्या कार्यक्रमांना माईक लावला होता की अण्णांना नाही म्हणता येईना. हे काम नीट झालं असतं तर आजूबाजूच्या गावांची कामं आली असती; नसतं झालं तर अब्बांना उतारवयात दुसऱ्याच्या डीजेच्या पेट्या उचलाव्या लागल्या असत्या. हे दोन्ही आम्हाला माहीत होतं आणि आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो. मुख्य स्विच आमच्याच पुढच्या खोलीत बसवला, कारण गावात आमच्याकडंच इन्व्हर्टर होता. स्विच म्हणजे चपटा डबा, पुढं भोकं. काहीत तांब्याची वायर जाते, काहीत फायबर. त्याचा पंखा दिवसरात्र डासासारखा वाजायचा. त्याच्यासाठी यूपीएसही घेतला होता. लाइट गेली की तो थांबून थांबून टीं टीं करायचा. आमच्याकडं लाइट इतक्यांदा जायची की आठवड्याच्या आतच अब्बांनी तो उघडून आतला भोंगा काढून टाकला. "भोंग्यावर पोट भरलं माझं," ते म्हणाले, "पण असला रडका भोंगा घरात नको."

स्विचला त्याचं काम सांगायला बसले त्या सकाळी अब्बा स्टूल ओढून माझ्या मागं येऊन बसले. आमच्या कोल्हापूरकडं मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, मीही तसंच बोलायची. लॅपटॉपला निळी वायर लावून काळ्या पडद्यावर मी एकेक ओळ लिहीत होते आणि ते चष्मा वर करून बघत होते.

"ह्ये काय करालीस?"

"वाटण्या घालालोय. दवाखाना, शाळा आणि ऑफिस, तिघं एकाच डब्यात राहणार. पण एकाचं दुसऱ्याला दिसायचं न्हाय."

"भावाभावाचं घर हाय म्हण की."

"व्हय. भिंत एक, चुली तीन."

"आणि भांडणं?"

"ती वाटण्या घातल्या न्हाईत तर."

सगळं झाल्यावर मी शेवटची ओळ लिहिली आणि त्यांना सांगितलं की आतापर्यंतचं सगळं याच्या नुसतं ध्यानात आहे; जपून ठेव असं वेगळं सांगितलं नाही तर लाइट गेली की सगळं विसरेल. अम्मा दारात उभी होती. "मग बाप्या माणसासारखंच हाय की ते," ती म्हणाली आणि चहा ठेवून गेली. अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

वायर ओढायचं काम त्यांनी एकट्याच्या हिमतीवर केलं. आमच्या घरापासून संस्थेच्या गेटवरून आत दवाखान्यापर्यंत एक सलग वायर, मधे कुठंही जोड नाही. याचा त्यांना फार अभिमान होता. गेटमधून आतल्या साखर कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या जायच्या, आणि गळीत हंगामात ट्रॉली भरताना कुणी आकाशाचा विचार करत नाही. तेव्हा सगळ्यात उंच भरलेल्या ट्रॉलीच्या हातभर वर त्यांनी वायर ताणली. तिच्या बऱ्याच वरून विजेची मोठी लाइन गेली होती. मधे भरपूर मोकळी जागा होती. हे मी मुद्दाम सांगते आहे.

त्या दुपारी हिरवा दिवा लागला आणि लाइन सुरू झाली. पण सुरू झाली असं म्हणायची सोय नव्हती. उद्घाटन व्हायचं होतं. मोठे पाहुणे येणार होते, ते स्टेजवरचं बटण दाबणार होते, आणि तोवर लाइन वापरणं हा पाहुण्यांचा अपमान ठरला असता. शाळेतल्या कॉम्प्युटरवर फडकी टाकून ठेवली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तेवढ्या दार लावून एक्स-रे कोल्हापूरला पाठवायच्या आणि कुणाला सांगू नका म्हणायच्या. गावात एक चालू असलेली गोष्ट सगळे मिळून बंद समजत होते. अशा गोष्टी पुढं मी अनेक पाहिल्या, पण पहिली ती.

संपतअण्णांनी अब्बांना एक शब्द दिला होता. या वेळी आभार नाही, सत्कार. शाल, श्रीफळ, फेटा, आणि पाहुण्यांच्या हस्ते. नाव आधी पुकारणार. अब्बांनी आयुष्यात इतके सत्कार ऐकले होते की त्यांना त्या प्रकाराची किंमत चांगली माहीत होती. सत्काराची शाल पांघरता येत नाही आणि नारळ बहुतेक वेळा नासका निघतो, असं ते स्वतःच सांगायचे. तरी त्यांनी पांढरा सदरा काढला, खळ घालून परटाकडं दिला, आणि खुंटीवर असा लावला की येताजाता दिसावा. मी एकदा स्विचपुढं उभी राहून कर्ण्यासारखे हात तोंडाशी धरून म्हटलं, "मी विनंती करतो, दस्तगीर शिकलगार यांनी व्यासपीठावर यावं!" ते म्हणाले, "गप, पोरी." पण परत म्हण, असं त्यांच्या डोळ्यांत होतं. मी परत म्हटलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, संस्थेच्या गेटवर कमान उभी राहिली. दोन्ही खांबांवर संचालक मंडळ, मागच्या बाजूला बाहेर पडणाऱ्यांसाठी आभार, आणि पुढं मधोमध पाहुणे. नुसता चेहरा. हनुवटीपासून फेट्यापर्यंत आमच्या घराच्या दारापेक्षा उंच. कमान उभी करणाऱ्यांनी ती वायरीच्या आतल्या अंगाला उभी केली, त्यामुळं अब्बांची काळी वायर पाहुण्यांच्या बरोबर डोळ्यांवरून गेली.

संपतअण्णा मोटरसायकलवरून आले तेच ओरडत. आम्ही दोघं गेटवरच होतो. अब्बा कर्णे बांधत होते. हा मान त्यांनी दुसऱ्या कुणाला दिला नव्हता, माळ्यावरचे कर्णे खास उतरवले होते.

"दस्तगीरमामा, ह्ये काय हाय?"

"काय झालं अण्णा?"

"वर बघा की! सायबाच्या डोळ्यावर काळी पट्टी! पेपरात पोलिसांनी धरलेल्या माणसाचा फोटो छापत्यात, तसलं दिसतंय!"

अब्बांनी मान वर केली. मग ते दहा पावलं मागं गेले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, जसे ते नेहमी स्टेज बघायचे. मी म्हटलं, "मला तर बरोबर वाटालंय."

"नजू, तू गप बस. उद्या तुझ्या बापाचा सत्कार हाय." अण्णा माझ्यावर डाफरले आणि मग हळू आवाजात अब्बांना म्हणाले, "मामा, उद्या फोटो निघणार, पेपरला जाणार. माझी कातडी सोलतील वो."

"व्हय," अब्बा म्हणाले. "वाईट दिसतंय."

मग बराच काथ्याकूट झाला. चेहरा खाली घ्यावा तर उसाची ट्रॉली पाहुण्यांचे गाल घासून जाणार. वर घ्यावा तर कमान तिथंच संपत होती. कमान अलीकडं ओढावी तर तिचे खांब खड्ड्यात पक्के बसवून झाले होते. मी म्हटलं, वायर कापू, मागनं घेऊ आणि परत जोडू, तासाभराचं काम. अब्बांना ते पटलं नाही. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सलग वायरीला जोड घालायला त्यांचा जीव होईना. "तोडायला कशाला पायजे? वर उचलायची, कमानीच्या डोक्यावरनं पलीकडं टाकायची. मागं लपून जाईल. कुणाला दिसायची न्हाय."

"वर लाइन हाय, मामा," अण्णा म्हणाले.

"सोमवार हाय आज. दुपारी लाइट असतीया का कधी?"

"त्ये बी खरंच."

खरंच होतं. दर सोमवारी दुपारी दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवायचे. इतकं नियमित की गावातल्या बायका सोमवारचं दळण सकाळीच उरकायच्या. अब्बा घरी येऊन जेवले. पोकळ्याची भाजी, भाकरी, मिरचीचा खर्डा. दही मागितलं तर अम्मा म्हणाली, लागलं नाही, तुमचा ॲम्प्लिफायर मंडपात आहे. वरचा पंखा फिरत होता, पण तो इन्व्हर्टरवर. स्विच चालू होता, पण तो यूपीएसवर, आणि यूपीएसचा भोंगा काढलेला. गेटवर मंडपवाल्याचा जनरेटर सकाळपासून धडधडत होता आणि रोषणाई लागलेली होती. लाइट आहे की गेली, हे गावातल्या कुठल्याही दिव्याकडं बघून कळायची सोय त्या दुपारी नव्हती. निघताना ते मला म्हणाले, "तू इथंच बस. दिव्यावर ध्यान ठेव. ओढताना काच कुठं तुटली तर दिवा जाईल. गेला तर हाक मार."

मी स्विचपुढं बसले. फायबरच्या भोकावरचा हिरवा दिवा मधून मधून लुकलुकायचा, म्हणजे डॉक्टरबाई काहीतरी पाठवत असणार. बाहेरून कर्ण्यांतून मंडपातल्या पोरांचं "हॅलो, हॅलो, चेक" ऐकू येत होतं. म्हैस उत्तर देत होती. अम्मा मागं शेंगदाणे भाजत होती आणि त्याचा वास पुढच्या खोलीपर्यंत आला होता. मी दिव्याकडं बघत राहिले. तो एकदाही गेला नाही.

मग कर्ण्यातून संपतअण्णांचा आवाज आला. "लाइट बंद करा! आरं लाइट बंद करा कुणीतरी! जनरेटर न्हवं, लाइट! दस्तगीरमामा—" आणि मग माईक खाली पडल्याचा आवाज, आणि ती लांब शिट्टी, जी अब्बांच्या कार्यक्रमात कधी कुणी ऐकली नव्हती. अब्बांनी लावलेली यंत्रणा होती. शब्द न शब्द स्पष्ट ऐकू आला, आम्हाला आणि पलीकडच्या वस्तीलाही.

काचेतून करंट जात नाही, हे मी त्यांना सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. पण काच स्वतःचा भार पेलू शकत नाही, म्हणून तिच्या शेजारून, त्याच काळ्या आवरणात, पोलादी तार जाते. हेही त्यांना माहीत होतं. ती तार ताणली तीच मुळी त्यांनी. लाइट नाही, एवढंच ते धरून चालले होते. पाहुणे येणार म्हणून त्या आठवड्याची दुरुस्ती पुढं ढकलावी, असा फोन संस्थेच्या ऑफिसातून आधीच गेलेला होता. रोषणाईत व्यत्यय नको म्हणून. तो फोन ज्यानं केला त्याला कमान माहीत नव्हती, आणि कमानीखाली उभ्या असलेल्यांना तो फोन माहीत नव्हता. नंतर चौकशी झाली तेव्हा दोन्ही बाजूंनी नेमकं हेच सांगितलं आणि दोन्ही बाजू खरं बोलत होत्या.

मी पोचले तेव्हा उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती आणि ड्रायव्हर खाली उतरून टोप्या हातात घेऊन उभे होते. त्यावरून मला कळलं. अब्बांकडं मी बघितलं, पण ते इथं लिहिणार नाही. कमानीला काही झालं नव्हतं. वायर वरून पलीकडं पडली होती, ठरल्याप्रमाणं, आणि पुढून दिसत नव्हती. पाहुण्यांचे डोळे मोकळे झाले होते.

मातीला सगळं गाव आलं. घरात चूल पेटली नाही, पण पिठलं-भाकरी इतक्या घरांतून आली की ठेवायला जागा उरली नाही. अम्मा रडायची थांबली की कुणीतरी नवीन बाई यायची आणि तिला परत सुरुवात करावी लागायची. संपतअण्णा रोज येऊन ओसरीवर बसायचे. एकदा फक्त म्हणाले, "भाभी, मी म्हटलं हुतं वर लाइन हाय." अम्मा म्हणाली, "म्हटलं हुतंस." त्यानंतर ते परत तो विषय बोलले नाहीत. मला ते तेव्हा आवडत नव्हते. आता वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात 'वर लाइन आहे' असं म्हणणारा तो एकच माणूस होता, आणि पटवून घेणाराही तोच. खुंटीवरचा सदरा अम्मानं बरेच दिवस काढला नाही. पुढच्या खोलीत स्विचचा पंखा वाजत राहिला. लोक समोर बसून कुराण वाचत होते तेव्हाही तो वाजत होता. एका काकांनी मला विचारलं, हे बंद नाही का करता येत. मी म्हटलं, दवाखाना त्याच्यावर आहे.

कार्यक्रम रद्द झाला नाही, पुढं ढकलला गेला. त्याच मंडपात, त्याच कमानीखाली. फरक दोन होते. माईक दुसऱ्यांचा होता, आणि पाहुणे दुसरे होते, कारण आधीचे पाहुणे तोवर पक्ष बदलून पलीकडं गेले होते. आदल्या दिवशी संपतअण्णा आमच्याकडं आले.

"नजू, उद्या सायबांनी बटण दाबलं की लाइन चालू झाली पायजे."

"चालूच हाय ती."

"तेच म्हणतोय. आधी बंद ठेव."

"ठेवत न्हाय."

"पोरी, बटण दाबून काय तरी व्हायला पायजे का नको?"

"मग दिव्यांची माळ जोडा त्याला."

त्यांनी माळ जोडली. पाहुण्यांनी बटण दाबलं, दिवे लागले, टाळ्या पडल्या, आणि गाव जगाशी जोडलं गेलं, असं सूत्रसंचालकानं जाहीर केलं. मी दोन्ही बाजूंना कर्णे नीट बांधलेत का तेवढं बघितलं. नव्हते. भाषणं मागं ऐकू जात नव्हती, ही त्या दिवसाची एकच चांगली गोष्ट. अब्बांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं. पाहुण्यांना पुढं जायचं होतं, त्यामुळं ती लवकर संपली. आभार मानणाऱ्यानं त्यांचं नाव घेतलं. पहिल्यांदाच. मंडपवाल्यानंतर आणि आचाऱ्याच्या आधी, 'कैलासवासी दस्तगीर शिकलगार' असं. अब्बा कैलासात गेले असतील तर माझी हरकत नाही. तिथंही कुणीतरी माईक लावायला हवाच. अम्माला शाल आणि नारळ दिला. नारळ चांगला निघाला. अम्मा म्हणाली, बघ, हे त्यांना सांगायला पाहिजे होतं.

पुढं मी एकटीनं काम धरलं. आजूबाजूच्या गावांची कामं आली. ती येणार हे आमचं गणित बरोबर होतं. खांबावर चढायला माणूस ठेवला आणि त्याला पहिली गोष्ट शिकवली ती तारेला टेस्टर लावायची. यूपीएसला नवा भोंगा बसवला. लाइट गेली की तो रडतो आणि अम्मा, आता चांगली म्हातारी झाली आहे, कुठंही असली तरी हातातलं काम थांबवते. परत लाइट आली की सुरू करते.

कमान उतरवल्यानंतर एके सकाळी संपतअण्णा खांद्यावर फ्लेक्सची गुंडाळी घेऊन आले. जुन्या पाहुण्यांचा चेहरा. आता संस्थेत तो ठेवायची पंचाईत होती आणि जाळायला त्यांचा हात होईना. दारात उभे राहून ते म्हणाले, "भाभी, मजबूत हाय. जळणावर टाका. पाणी जायचं न्हाय आत." मला वाटलं अम्मा तो त्यांच्या अंगावर फेकेल. तिनं हातात घेतला, कोपरा बोटांनी चोळून जाडी बघितली आणि परड्यात नेला.

अजून आहे तो, जळणावर. चेहरा आतल्या बाजूला केला आहे. छापलेली बाजू वर ठेवली तर उन्हानं लवकर तडकते.